शहाण्णव दिवसांची उपासना: हेगच्या बेथेल चर्चमधील आश्रयाचे प्रकरण

२६ ऑक्टोबर २०१८ हा शुक्रवार होता. त्या दुपारी नेदरलँड्समधील हेग शहरातल्या बेथेल चर्चमध्ये एक उपासना सुरू झाली आणि ती थेट ३० जानेवारी २०१९ ला संपली. ९६ दिवस, म्हणजे सुमारे २,३०० तास. रात्र, पहाट, नाताळ, नवे वर्ष, कशानेही तिच्यात खंड पडला नाही. चर्चच्या इमारतीत एक आर्मेनियन कुटुंब राहत होते: आईवडील आणि तीन मुले. त्यांना मायदेशी परत पाठवण्याचा निर्णय झालेला होता. पण उपासना चालू असेपर्यंत त्यांना नेण्यासाठी पोलिसांना आत पाऊल टाकता येत नव्हते.

ही गोष्ट तेव्हा जगभर गाजली ती बहुतेक करून विक्रम म्हणून. किती दिवस, किती पाळक (चर्चचे धर्मोपदेशक), किती देशांतून. ते आकडे पुढे येतीलच. पण परक्याचे स्वागत करणे हा ख्रिस्ती श्रद्धेचा भाग आहे असे मानणाऱ्या माणसाने या प्रकरणाचा शेवट जास्त बारकाईने पाहायला हवा, असे मला वाटते. शेवटी जो तोडगा निघाला, त्यात या कुटुंबाचे भले झाले, शेकडो इतर मुलांचेही झाले. आणि त्याची किंमत मात्र ज्यांनी कधी कुठल्या चर्चचे दार पाहिलेही नव्हते अशा लोकांकडून वसूल झाली.

कुटुंब आणि 'मुलांची माफी'

वडिलांना राजकीय कामामुळे आर्मेनियात धमक्या येत होत्या, असे कुटुंबाचे म्हणणे होते. त्यांनी नेदरलँड्समध्ये आश्रय मागितला. खालच्या न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला, सरकार अपिलात गेले, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या खेपा अखेर नकारावर येऊन थांबल्या. तोवर मुले डच शाळांत वाढली होती, मोठी मुलगी विद्यापीठात शिकत होती. देशात येऊन सुमारे नऊ वर्षे झाली होती.

अशा मुलांसाठी नेदरलँड्समध्ये २०१३ पासून एक तरतूद होती. तिला बोलीभाषेत 'मुलांची माफी' म्हणत. आश्रयाचा अर्ज केलेले आणि पाच वर्षांहून अधिक काळ देशात राहिलेले मूल असेल, तर त्याला आणि त्याच्या घरच्यांना राहण्याचा परवाना मिळू शकत असे. ऐकायला उदार. पण तिच्यात एक अट होती: परत जाण्याच्या कामी कुटुंबाने सरकारला पुरेसे सहकार्य केलेले असले पाहिजे. आता ज्याला परत जायची भीती वाटते तोच अर्ज करणार, आणि ज्याने परत जायची मनापासून तयारी केली तो अर्ज करायला उरणारच नाही. या एका अटीवर बहुतेक अर्ज फेटाळले जात होते. हेगच्या कुटुंबाचाही फेटाळला गेला.

त्यांनी आधी समुद्रकाठच्या काटवाइक गावी, आपल्या ओळखीच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या एका चर्चच्या सभासदांच्या समूहात, आसरा घेतला. ते फार काळ जमण्यासारखे नव्हते. मग बेथेलला विचारणा झाली. बेथेल हे नेदरलँड्सच्या प्रोटेस्टंट चर्चच्या कुटुंबातले एक साधे, शहरी चर्च. नाव मोठे नाही, इमारत पाहायला पर्यटक जात नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. याच्या काही आठवडे आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, दोन आर्मेनियन भावंडांचे प्रकरण देशभर पेटले होते. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवसांत ती मुले पळून गेली, आणि न्याय व सुरक्षा खात्याचे राज्यमंत्री मार्क हार्बर्स यांनी ऐनवेळी स्वतःच्या विशेष अधिकारात त्यांना राहू दिले. म्हणजे राज्यमंत्र्याच्या हातात अपवाद करण्याचा अधिकार होता आणि तो नुकताच वापरलाही गेला होता. बेथेलमधल्या पाच जणांसाठी मात्र तो वापरायला हार्बर्स तयार नव्हते. एकाला दिले की दुसरा रांगेत उभा राहतो, हे त्यांच्या बाजूचे गणित; आणि प्रशासनाच्या खुर्चीत बसून पाहिले तर ते वेडगळ नव्हते.

बारावे कलम

घरात किंवा इमारतीत शिरण्याबाबतच्या डच कायद्यातले १२ वे कलम सांगते की तीन ठिकाणी, तिथले काम चालू असताना, सरकारी माणसांनी शिरू नये: संसदेचे किंवा तत्सम लोकनियुक्त सभेचे अधिवेशन, न्यायालयाची सुनावणी, आणि धार्मिक उपासना किंवा तत्त्वचिंतनाची सभा. अपवाद एकच, कुणी रंगेहाथ गुन्हा करताना सापडले तर.

या तिघांची सांगड मला फार बोलकी वाटते. कायदा चर्चला पवित्र वगैरे म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की माणसे कायदा करायला, न्याय करायला किंवा देवापुढे उभी राहायला जमली असतील, तर पोलिसाने बाहेर थांबावे. दगडविटांना संरक्षण नाही. उपासना थांबली की इमारत ही नुसती इमारत.

मध्ययुगीन युरोपात याच्या उलट होते. तेव्हा जागाच अभय देत असे. वेदीपर्यंत पोचलेला माणूस सुटला. त्या प्रथेची मुळे बायबलच्या जुन्या करारातल्या शरणनगरांपर्यंत (पळून आलेल्याला अभय देणाऱ्या नगरांपर्यंत) नेली जात. राज्यसंस्था बळकट झाल्या तशी ती प्रथा मोडली. इंग्लंडमध्ये १६२४ साली कायद्यानेच संपली. विसाव्या शतकात ती वेगळ्या रूपात परतली. १९८२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने मध्य अमेरिकेतून पळून आलेल्यांसाठी उघडपणे दार उघडले, १९८३ मध्ये पश्चिम बर्लिनमधल्या एका मंडळीने तेच केले, आणि तिथून जर्मनीत चर्चच्या आश्रयाची रीतसर परंपरा उभी राहिली. तिथे आजही चर्चला कायद्याचे कवच नाही; अधिकारी सहसा आत जात नाहीत, इतकेच. डच कलम त्या मानाने पक्के, पण अट कठीण: तुम्ही देवाची उपासना खरोखर करत असाल तरच.

ती चालवली कशी

अखंड हरिनाम सप्ताह पाहिलेल्या वाचकाला पहारा म्हणजे काय ते सांगायला नको. वीणा खाली टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. बेथेलमध्ये तेच झाले, फक्त सप्ताह चौदा आठवड्यांकडे सरकला. एका पाळकाची पाळी संपण्याआधी दुसरा आत आलेला असे. पहिले काही दिवस शहरातल्या आणि आसपासच्या पाळकांवर निभावले. मग निरोप पसरला. डिसेंबरपर्यंत सुमारे वीस पंथांचे साडेपाचशेहून अधिक पाळक येऊन गेले होते. शेवटी हा आकडा हजाराच्या घरात गेला. एरवी एकमेकांच्या वेदीपाशी न जाणारे रोमन कॅथलिक आणि कडवे रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) एकापाठोपाठ एक त्याच जागी उभे राहिले. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियममधूनही काही आले. स्वतःच्या मंडळीत पूर्वी केलेले उपदेश, जुने उपासनाक्रम, स्तोत्रसंहितेचे सलग वाचन, जे हाताशी होते ते लोकांनी आणले. रात्री तीन वाजता नवा उपदेश कुणाला सुचणार?

ते कुटुंब त्याच इमारतीत राहत होते. मुलांच्या अभ्यासाची सोय तिथेच केली गेली. बाहेर पडता येत नव्हते. स्वागताच्या या कथेतली ही बाजू फार थोड्यांनी लिहिली: आश्रय म्हणजे कोंडणेही असते. ज्या घराला तुमच्यामुळे पहारा द्यावा लागतो त्या घरात, आपल्यासाठी अनोळखी लोक झोपमोड करताहेत हे रोज पाहत, जवळजवळ शंभर दिवस काढायचे. पाहुण्याला इतके ऋण पेलवते का, हा प्रश्न यजमानाने स्वतःला विचारायचा असतो. बेथेलच्या लोकांनी कुटुंबाची एकांताची गरज बऱ्यापैकी सांभाळली, आलेल्यागेलेल्यांना त्यांचे दर्शन घडवण्याचा प्रकार केला नाही. चर्चच्या कार्यक्रमांत हे भान नेहमी असतेच असे नाही.

वचन कोणाच्या बाजूने

पाळकांच्या बाजूने वचनांची कमतरता नव्हती. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारणही दिले आहे: तुम्हीही मिसर (इजिप्त) देशात परदेशी होता. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात तर न्यायाच्या दिवशीचा राजाच म्हणतो की मी परका होतो. इब्री लोकांस पत्र न कळत देवदूतांचा पाहुणचार केलेल्यांची आठवण देते.

डच प्रोटेस्टंट माणसासाठी यात घरचा इतिहासही आहे. त्यांचे चर्च घडले ते बरेचसे निर्वासितांच्या वस्तीत. १५५० मध्ये लंडनमध्ये राजा सहावा एडवर्ड याने परदेशी प्रोटेस्टंटांना ऑस्टिन फ्रायर्सची वास्तू दिली. १५७१ मध्ये डच मंडळ्यांची महत्त्वाची धर्मसभा भरली ती देशाबाहेर, एम्डेन या जर्मन बंदरात, कारण देशात भरवणे जिवावरचे होते. एम्डेनच्या चर्चवर १६६० साली कोरलेल्या जहाजाच्या शिल्पाभोवतीचा लेख सांगतो की छळलेल्या, हाकललेल्या देवाच्या मंडळीला देवाने इथे दिलासा दिला. पुढे १६८५ नंतर फ्रान्समधून ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, आले तेव्हा डचांनी दारे उघडली. म्हणजे 'तुम्हीही परदेशी होता' हे वाक्य त्यांच्या बाबतीत शब्दशः खरे.

विरोधात उभे राहणाऱ्यांकडेही वचन होते. रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. न्यायालयांनी वर्षानुवर्षे तपासून दिलेला निर्णय एका मंडळीला पटत नाही म्हणून अडवायचा, तर मग उद्या न पटणारा दुसरा निर्णय दुसरी मंडळी अडवेल. या हरकतीला बेथेलचे उत्तर चांगले होते, असे माझे मत. त्यांनी कुणाला लपवले नाही. कुटुंब कुठे आहे हे पहिल्यापासून जाहीर केले. कायदा मोडला नाही. कायद्याने स्वतःच जी जागा मोकळी सोडली होती तिथे ते उभे राहिले, आणि मागणी केली ती फेरविचाराची.

त्याहून टोकदार हरकत चर्चच्या आतली होती: उपासना ही देवासाठी असते, ती साधन म्हणून वापरायची का? पोलिसांना अडवण्यासाठी म्हटलेले गीत हे गीत की अडसर? रिफॉर्म्ड परंपरेत वाढलेल्यांना हे खरोखर बोचते, आणि मला वाटते बोचायलाच हवे. पण याला संदेष्ट्यांचे उत्तर आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव सण आणि सभा यांना कंटाळला आहे, कारण अनाथाचा न्याय होत नाही. उपासना आणि परक्याचे रक्षण यांची फारकत हाच तिथे दोष आहे. बेथेलमध्ये काही काळापुरती ती फारकत मिटली. तास न् तास एकच कृती दोन्ही कामे करत होती. शिवाय ज्यांना त्या पाळीत खरेच प्रार्थना करायची नव्हती त्यांना पहाटे चारपर्यंत टिकणे जमले नसते.

तिसरी हरकत मात्र सहज झटकता येत नाही. कुटुंब ख्रिस्ती होते. आर्मेनिया हे परंपरेनुसार इसवी सन ३०१ मध्ये ख्रिस्ती झालेले, जगातले पहिले ख्रिस्ती राज्य. मुले डच बोलत होती, मंडळीत ओळखीची होती. लेवीयमधला परदेशी इतका जवळचा नाही. हेच पाच जण मुस्लिम असते, वर्षभरापूर्वी आलेले असते, भाषा न येणारे असते, तर हजार पाळक आले असते का? मला शंका आहे. याने केलेले काम खोटे ठरत नाही. पण याला 'परक्याचे स्वागत' म्हणण्यापेक्षा 'आपल्यातल्याला परका ठरवण्याला नकार' म्हणणे जास्त प्रामाणिक होईल.

७६ जागांचे सरकार

राजकारण इथे पार्श्वभूमीला नव्हते, ऐन मध्यात होते. मार्क रुटे यांचे तिसरे मंत्रिमंडळ चार पक्षांचे: रुटे यांचा उदारमतवादी-उजवा व्हीव्हीडी (३३ जागा), ख्रिस्ती लोकशाहीवादी सीडीए (१९), मध्यममार्गी उदारमतवादी डी६६ (१९) आणि छोटा ख्रिस्ती पक्ष क्रिस्तेन-युनी (५). बेरीज ७६, सभागृह १५० चे. एका जागेचे बहुमत. यातले दोन पक्ष नावातच ख्रिस्ती, आणि या प्रश्नावर दोघांची तोंडे दोन दिशांना. छोटा क्रिस्तेन-युनी मुलांच्या बाजूने होता. मोठा सीडीए करारात ठरल्याप्रमाणे कडक धोरणाला धरून होता. रुटे स्वतःही प्रोटेस्टंट चर्चचे सभासद. चर्च विरुद्ध निधर्मी राज्य असे चित्र काही बातम्यांत रंगवले गेले, ते त्यामुळे फसवे आहे. ख्रिस्ती माणसेच दाराच्या दोन्ही बाजूंना होती.

उपासना चालू असतानाच दुसऱ्या आघाड्यांवरही दबाव वाढत गेला. एका टीव्ही निवेदकाच्या माहितीपटानंतर मुलांची माफी सैल करावी या मागणीच्या अर्जावर अडीच लाखांच्या आसपास सह्या झाल्या. अनेक नगरपालिकांनी तसे ठराव केले. आणि जानेवारी २०१९ च्या मध्यानंतर सीडीएने अचानक भूमिका बदलली: इथे रुजलेल्या मुलांना राहू द्यावे. हे सगळे बेथेलमुळे झाले असे म्हणणे धाडसाचे. पण सीडीएचा मतदार रविवारी जिथे बसतो तिथलेच पाळक हेगला पाळीला जाऊन आले होते, आणि परत येऊन आपापल्या मंडळीत बोलले होते. राजकीय पक्षाला मोर्चाची सवय असते. स्वतःच्या चर्चमधल्या बाकावरून येणाऱ्या प्रश्नाची नसते.

आता व्हीव्हीडी एकटा पडला, आणि त्याने बदल्यात काही मागितले.

तोडगा

२९ जानेवारीला चार पक्षांचे जमले. आधीच अर्ज केलेल्या सुमारे ७०० मुलांच्या प्रकरणांचा फेरविचार होणार, सहकार्याची जाचक अट सैल होणार, आणि त्यांतल्या बहुतेकांना राहता येणार. दुसऱ्या दिवशी बेथेलने उपासना संपवली. पुढे त्याच वर्षी कुटुंबाला परवाना मिळाला.

बदल्यात काय गेले? मुलांच्या माफीची तरतूद कायमची बंद झाली. राज्यमंत्र्याचा विशेष अधिकार काढून घेतला गेला. तो स्थलांतर सेवेच्या प्रमुखाकडे गेला आणि तोही पहिल्या अर्जाच्या टप्प्यापुरता आखडला. आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयामार्फत दरवर्षी ७५० असुरक्षित निर्वासितांना थेट छावण्यांतून आणायचे ठरले होते, तो आकडा ५०० वर आला.

हे शेवटचे कलम मला पचवता येत नाही. उच्चायुक्तालय ज्यांची नावे सुचवते ती माणसे लेबनॉन, जॉर्डन, युगांडासारख्या देशांत वर्षानुवर्षे अडकलेली असतात: आजारी, एकट्या बायका, छळातून वाचलेले. त्यांनी बेकायदा सीमा ओलांडलेली नसते. रांगेत उभे राहा असे सांगितल्यावर ती रांगेतच उभी राहिलेली असतात. दरवर्षी २५० जागा कमी म्हणजे यांच्यातले २५० कमी. ती कोण, हे कधीच कुणाला कळणार नाही, कारण न आलेल्या माणसाला चेहरा नसतो. त्याच्यासाठी कोणत्या चर्चमध्ये कोण मेणबत्ती लावणार?

दोष बेथेलचा नाही. वाटाघाटीच्या खोलीत पाळक बसले नव्हते. सौदा पक्षांचा होता. क्रिस्तेन-युनीनेही तो स्वीकारला, आणि ७०० मुले डोळ्यांसमोर असताना नाही म्हणणे मलाही जमले असते असे वाटत नाही. तरी अभ्यास म्हणून पाहताना एक उणीव नोंदवावी लागते. उपासना संपली तेव्हा चर्चांकडे लोकांचे लक्ष होते, माध्यमे होती, नैतिक वजन होते. ते वजन पुढच्या आठवड्यात त्या २५० जागांसाठी तितक्याच जोराने वापरले गेले नाही. आनंद झाला, आभार मानले गेले, लोक थकून घरी गेले. ९६ रात्रींनंतर थकणे माणसाचेच लक्षण आहे. पण मत्तयातला राजा 'माझ्या ओळखीचे होते त्यांना घेतले' असे म्हणत नाही.

दुसरी उणीव रचनेतली. चर्चचा आश्रय अपवाद मिळवून देतो. अपवाद करणारा कुणी असेल तर. २०१९ नंतर अपवादाचे दोन्ही दरवाजे, मुलांची माफी आणि राज्यमंत्र्याचा अधिकार, बंद झाले. बेथेलमधून जी किल्ली वापरली गेली तिचे कुलूपच बदलले गेले.

त्याचा परिणाम लगेच दिसला नाही. देशात वाढलेली पण परवाना नसलेली मुले पुन्हा साठत गेली, आणि त्यांच्यासाठी अर्ज करायला खिडकी उरली नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये कांपेन या गावच्या ओपन होफ चर्चमध्ये उझबेकिस्तानातून आलेल्या, मुले असलेल्या एका कुटुंबासाठी पुन्हा अखंड उपासना सुरू झाली. पुन्हा पाळ्या लागल्या, पुन्हा दूरदूरचे पाळक आले. या वेळी ९६ दिवस उलटून गेले तरी ती चालूच राहिली, कारण मंत्र्याकडे मागण्यासारखे असे काही हेगमध्ये शिल्लक नव्हते.